कडेवरची खाच: पॉइंट टू-टू रायफलीचा ड्राय सराव आणि अडकणारी काडतुसं

गणपती आटोपले, पाऊस ओसरला आणि आमची रेंज पुन्हा सुरू झाली, त्या पहिल्याच रविवारची गोष्ट. रेंज म्हणजे कुडाळ-वेंगुर्ल्याच्या मधल्या पट्ट्यातली, रीतसर परवानगी घेतलेली एक जुनी चिरेखाण. तीन बाजूंना जांभ्याच्या उभ्या भिंती, समोर मातीचा उंच भराव. पंचविशीतली एक मुलगी माझ्याकडे दोन वर्षं शिकतेय. तिची स्वतःच्या परवान्यावरची पॉइंट टू-टू (.२२) बोल्टची रायफल आहे, म्हणजे मागचा बोल्ट हाताने मागे-पुढे करून काडतूस आत ढकलायची, पाच काडतुसांच्या मॅगझिनची. त्या दिवशी पाचांतली दोन-तीन काडतुसं अगदी शेवटी, दोन मिलिमीटर आत जायची राहिली की अडायची. तळहाताने बोल्ट ठोकला की जायची. ती म्हणाली, "ताई, मॅगझिन गेलं बहुतेक."

मी ठोकणं आधी बंद केलं. मॅगझिन बदललं, तरी तेच. काडतुसांचा डबा बदलला, तरी तेच. चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची काडतूस बसायची जागा, ब्रशने साफ केला, थोडा फरक पडला, पण थोडाच. मग बोल्ट काढून घेतला, बारीक बॅटरी लावली आणि चेंबरच्या तोंडाशी बघितलं. बरोबर वरच्या बाजूला, जिथे फायरिंग पिन येते तिथे, रव्याच्या कणाएवढी खाच होती, आणि तिथलं लोखंड दबून आतल्या बाजूला किंचित ओठासारखं आलं होतं. मी तिला एवढंच विचारलं, "पावसाळ्यात घरी ड्राय करत होतीस?" ड्राय म्हणजे काडतुसाशिवाय नुसता खटका दाबायचा सराव. रोज, चाळीस-पन्नास वेळा, रिकाम्या चेंबरवर. चार महिने. "नवीन रायफलीला काही होत नाही" असं कुणीतरी तिला सांगितलं होतं.

म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. घरचा ड्राय सराव आणि रेंजवर अडकणारं काडतूस हे लोक दोन वेगळे विषय समजतात. पॉइंट टू-टूमध्ये दोन्ही गोष्टी त्या एकाच कडेवर येऊन मिळतात.

आधी ती कड समजून घ्या. मोठ्या रायफलीच्या काडतुसाला बुडाच्या मधोमध टोपी असते, पिन तिच्यावर आपटते. पॉइंट टू-टूच्या काडतुसाला अशी टोपी नसते. पितळी पुंगळीचं बूड बाहेरच्या बाजूला दुमडून कड केलेली असते, आणि त्या दुमडीच्या आत पेट घेणारा मसाला बसवलेला असतो. कडेचा व्यास साधारण ७ मिलिमीटर, जाडी १ मिलिमीटरच्या किंचित वर. काडतूस बसलं की ही कड चेंबरच्या तोंडावर टेकते. पिन येऊन तिला चेंबरच्या लोखंडावर चिरडते, मसाला पेटतो. अडकित्त्यात सुपारी सापडावी तशी कड दोन लोखंडांमध्ये सापडते. सुपारी नसताना अडकित्ता चालवलात तर लोखंडावर लोखंड आपटणार. ड्राय फायरमध्ये रिकाम्या चेंबरवर नेमकं हेच होतं.

एका ठोक्याने काही दिसत नाही. शेकडो ठोक्यांनी चेंबरची धार आत दबते. मग नवं काडतूस तिथे घासतं, शेवटच्या मिलिमीटरला अडतं. झाडल्यावर पुंगळी फुगून त्या खाचेत शिरते, म्हणून बाहेर येताना अडते. आणि कडेला तिथे पुढून टेकू उरत नाही, म्हणून पिनचा मारा फुकट जातो, काडतूस पेटत नाही. पिनचं टोकही बोथट होतं ते वेगळंच.

काही रायफलींची पिन चेंबरच्या धारेपर्यंत पोचूच नये अशी अडवलेली असते. अशा रायफलीबरोबर आलेल्या पुस्तिकेत ड्राय फायर चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. तुमच्या रायफलीच्या पुस्तिकेत ते वाक्य असेल तर उत्तम. नसेल, किंवा पुस्तिकाच नसेल, तर रिकाम्या चेंबरवर खटका दाबायचा नाही. जुनी रायफल, हातोहात आलेली रायफल, हिच्या बाबतीत तर अजिबातच नाही. पिन बदललेली असेल, बोल्ट दुसऱ्याच रायफलीचा असेल, आपल्याला काय माहीत.

मग ड्राय करायचाच नाही का? करायचा, जरूर करायचा. मी स्वतः एनसीसीत असताना आम्हाला वर्षाला मोजकीच काडतुसं मिळायची. उस्ताद आम्हाला तासन्‌तास पालथं झोपवून नुसता खटका दाबायला लावायचे. दस्ता गालाला कसा लावायचा, श्वास कुठे थांबवायचा, खटका सुटल्यावरही क्षणभर तसंच राहायचं, हे मी त्याच तासांत शिकले. आपल्याकडे जून ते सप्टेंबर रेंज बंद असते, आणि काडतुसांचा खर्च बघता ड्रायशिवाय गत्यंतर नाही. फक्त तो नीट करायचा.

घरी बसायच्या आधीचं बोलते, कारण खरा धोका रायफलीपेक्षा इथे आहे.

ड्रायच्या खोलीत एकही जिवंत काडतूस नको. खिशात नको, टेबलावरच्या डबीत नको, रायफलीच्या पेटीच्या कप्प्यात नको. आमच्या घरी काडतुसं वेगळ्या खोलीत, वेगळ्या कुलपात असतात, आणि ड्रायच्या वेळी त्या कुलपाची किल्ली माझे यजमान स्वतःकडे ठेवतात. रायफल हातात घेतली की मॅगझिन काढायचं, बोल्ट मागे ओढायचा, चेंबरमध्ये डोळ्यांनी बघायचं आणि मग करंगळीचं टोक लावून बघायचं. डोळा चुकतो, विशेषतः संध्याकाळी पिवळ्या दिव्याखाली. माझे सासरे शेती संरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक वापरायचे. ते म्हणायचे, "बंदूक भरलेलीच असा असा समजायचा. रिकामी असा म्हणान कोण सांगता तेचा ऐकायचा नाय, आपल्या डोळ्यांनी बघायचा." त्यांच्या वाक्यात मी फक्त करंगळी जोडली.

नळीची दिशा जाड भिंतीकडे. आमच्या जुन्या घरात ती सोय आहे, माजघराची मागची भिंत नऊ इंची चिऱ्याची आणि तिच्यापलीकडे मातीचा बांध. पत्र्याच्या, प्लायवुडच्या किंवा कुडाच्या भिंतीकडे नळी धरायची नाही. खिडकी, दरवाजा, टीव्ही, पलीकडे कुणी झोपलेलं असेल अशी बाजू, सगळं वर्ज्य. पॉइंट टू-टू छोटी म्हणून तिला कुणी हलक्यात घेऊ नका, तिची गोळी दीड किलोमीटरपर्यंत जाऊ शकते.

भिंतीवर निशाणा म्हणून मी काळी टिकली लावते. खरंच, कपाळाची टिकली. ५० मीटरच्या रायफल टार्गेटचा काळा भाग ११२.४ मिलिमीटर व्यासाचा असतो. डोळ्यापासून ५ मीटरवर तोच आकार दिसायला सव्वाअकरा मिलिमीटरचा ठिपका लागतो, म्हणजे ११ मिलिमीटरची टिकली बरोबर बसते. मधला दहाचा गोल खऱ्या टार्गेटवर जेमतेम १०.४ मिलिमीटरचा असतो, टिकलीवर तो टाचणीच्या डोक्याहूनही लहान झाला. याच ५० मीटरच्या तीन पोझिशनच्या प्रकारात १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसला आपल्या घाटावरच्या, कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्निल कुसळेने ऑलिंपिकचं ब्राँझ घेतलं. तेव्हापासून आमच्याकडे चौकशीला येणारी मुलं वाढली. त्यांना मी सगळ्यात आधी ही टिकली देते.

आता चेंबरमध्ये काय घालायचं. माझा उपाय साधा आहे, झाडलेली पुंगळी. रेंजवरून पंधरा-वीस रिकाम्या पुंगळ्या आणायच्या, प्रत्येकीचं तोंड उघडं आहे, पुढे शिसं नाही, हे एकेक करून बघायचं. बुडाला लाल नेलपॉलिश लावायचं, म्हणजे जिवंत काडतुसाशी कधी गल्लत होणार नाही. पुंगळी चेंबरमध्ये बसवताना तिच्या कडेवरचा जुना ठोका पिनच्या खाली येणार नाही अशी फिरवायची. एक खटका, बोल्ट मागे, पुंगळी बाहेर, थोडी फिरवून पुन्हा आत. कडेवर सहा-सात ताजे ठोके बसतात. ठोके एकमेकांना भिडायला लागले की ती पुंगळी फेकून द्या. दबलेल्या जागी पिन पुन्हा पडली तर कड पातळ झालेली असते आणि पिन लोखंडापर्यंत पोचते.

नुसती बोल्टची मूठ वर-खाली करूनही रायफल पुढच्या खटक्याला तयार होते आणि पुंगळी आतच राहते, ते सोयीचं वाटतं. पण मग पिन प्रत्येक वेळी त्याच ठोक्यात पडते. वेळ जातो म्हणून कुरकुर करू नका. तेवढ्या वेळात खांदा मोकळा होतो, डोळ्याला विश्रांती मिळते. खऱ्या सामन्यातही दोन गोळ्यांमध्ये तेवढा वेळ जातोच.

बाजारात रिमफायरची, म्हणजे अशा कडेवर पेटणाऱ्या काडतुसांसारखी, खोटी काडतुसं मिळतात. त्यांतली ॲल्युमिनियमची बहुतेक मॅगझिन आणि बोल्ट तपासण्यापुरती असतात, खटक्याचा मारा झेलायला नसतात. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. भिंतीत स्क्रूसाठी बसवतात ती प्लास्टिकची गिट्टी चेंबरमध्ये घालावी, असंही काही लोक सांगतात. आपल्या हार्डवेअरच्या दुकानातल्या गिट्टीला बहुतेकदा मागे कॉलर नसते. ती सरळ आत घसरते आणि मग काढता काढता जीव जातो. मी कुणाला ते करू देत नाही.

एअर रायफलवाल्यांसाठी दोन ओळी. सामन्याच्या बऱ्याच एअर रायफलींना ड्रायची वेगळी खिट्टी असते, ती वापरा. स्प्रिंगवाली साधी एअर गन मात्र छर्र्याशिवाय कधी झाडू नका. पिस्टनला हवेचा आधार मिळत नाही आणि तो थेट आपटतो.

माझ्यावर बेतलेला एक प्रसंग सांगते. दहा-बारा वर्षं झाली. दुसऱ्या दिवशी सामना होता. संध्याकाळी ड्राय संपवला आणि उद्याची तयारी म्हणून त्याच खोलीत मॅगझिन भरलं, नीट बसतंय का बघायला रायफलीला लावूनही बघितलं. तेवढ्यात शेजारच्या वहिनी ओल्या काजूचे गर घेऊन आल्या. अर्धा तास बोलणं झालं. त्या गेल्या आणि माझ्या मनात आलं, अजून दोनच ड्राय करू. बोल्ट ओढला, पुढे ढकलला. ढकलताना हाताला किंचित जडपणा लागला, पुंगळीला लागतो त्याहून वेगळा. मी थांबले. बोल्ट मागे घेतला तर पितळेचं जिवंत काडतूस बाहेर उडून पाटाखाली गेलं. रायफल खाली ठेवली आणि बराच वेळ मी तिथेच बसून राहिले. पलीकडच्या खोलीत माझा मुलगा अभ्यास करत होता.

त्या दिवसापासून आमच्या घरात मॅगझिन भरलं जात नाही. ते फक्त रेंजवर, फायरिंग पॉइंटवर, नळी भरावाकडे असताना भरायचं. आणि ड्राय संपला की मी मोठ्याने म्हणते, "संपलं." ते म्हटल्यावर रायफल पुसून, चेंबरमध्ये सुरक्षेची रंगीत पट्टी घालून कुलपात जाते. "संपलं" म्हटल्यावर अजून एक करायचा नाही. मध्ये फोन आला, दारावर कोण आलं, तर परत बसताना मॅगझिन, डोळे, करंगळी हे सगळं पहिल्यापासून. वीस मिनिटांच्या वर मी कुणाला ड्राय करू देत नाही. मन विटलं की नियम सुटतात.

आता रेंजवर अडकणाऱ्या काडतुसाकडे. मी इथे बोल्टच्या रायफलीबद्दलच बोलतेय.

काडतूस अडकलं की सगळ्यात आधी बोट खटक्यावरून बाहेर, नळी भरावाकडेच. मग मॅगझिन काढा. मॅगझिन तसंच ठेवून बोल्ट मागे-पुढे केलात तर दुसरं काडतूस पहिल्याच्या बुडावर येऊन आदळतं. रिमफायरमध्ये हे फार वाईट, कारण कडेच्या संपूर्ण वर्तुळात मसाला आहे. कुठेही टोचलं तरी पेटू शकतं. म्हणून अडकलेलं काडतूस स्क्रूड्रायव्हरने, चाकूने, चाव्यांनी उचकटायचं नाही. बोल्ट मागे ओढून रायफल थोडी कलती केली की बहुतेक काडतुसं आपोआप पडतात. नाहीच पडलं तर बांबूची तासलेली काडी घ्या आणि कडेला न लावता पुंगळीच्या अंगाला लावून हलकेच सरकवा. माझ्या पेटीत अशा चार काड्या कायम असतात. ज्या काडतुसाचं नाक वाकलं किंवा शिसं खरवडलं गेलं, ते परत भरायचं नाही, वेगळ्या डबीत टाकायचं.

आणि बोल्ट ठोकायचा नाही. काडतूस पूर्ण बसलं नसताना पेटलं तर कडेला मागून आधार नसतो. पुंगळी फुटते आणि गरम वायू, पितळेचे कण थेट चेहऱ्याकडे येतात. चष्मा लावल्याशिवाय आमच्याकडे कुणी रायफलीजवळ जात नाही.

खटका दाबला आणि आवाजच आला नाही, तर नळी भरावाकडे धरून आम्ही ३० सेकंद मोठ्याने मोजतो, मग तोंड बाजूला ठेवून बोल्ट उघडतो. आवाज आला पण नेहमीपेक्षा दबका, फुसका आला, तर मात्र लगेच थांबायचं. गोळी नळीतच राहिली असण्याची शक्यता असते. बोल्ट काढून मागच्या बाजूने नळीतून उजेड दिसतोय का हे बघितल्याशिवाय पुढचं काडतूस आत जाता कामा नये.

दोष शोधायला लागण्याआधी स्वतःचा हात बघा. नव्या माणसाच्या बाबतीत निम्म्या वेळा दोष हाताचाच निघतो. बोल्ट पूर्ण मागपर्यंत ओढला जात नाही, त्यामुळे तो मॅगझिनमधल्या काडतुसाच्या मागे पोचतच नाही आणि रिकामाच पुढे जातो, किंवा जुनी पुंगळी पुरती बाहेर पडायच्या आत नवं काडतूस तिच्यावर येतं. पालथं झोपून, कोपर न हलवता बोल्ट ओढताना हे हमखास होतं. ठाम हाताने, शेवटच्या टप्प्यापर्यंत ओढायचा.

नंतर मॅगझिन. माझ्याकडच्या प्रत्येक मॅगझिनच्या बुडाला नेलपॉलिशने नंबर आहे. दोष एकाच नंबरबरोबर फिरतोय, तर तो मॅगझिनचा. सगळ्या मॅगझिनमध्ये दिसतोय, तर चेंबर, बोल्ट किंवा काडतूस. या एका सवयीने माझे कित्येक तास वाचले.

मॅगझिन भरण्याचीही रीत आहे. काडतुसाला कड असल्यामुळे वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या कडेच्या पुढे असावी लागते. मागे राहिली तर पुढे सरकताना दोन कडा एकमेकींत अडकतात आणि नाक खाली झुकतं. म्हणून प्रत्येक काडतूस पुढच्या बाजूने मॅगझिनच्या ओठांखाली, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या वळलेल्या कडांखाली, सरकवत मागे न्यायचं, वरून दाबून घुसवायचं नाही. भरून झाल्यावर मॅगझिनची पाठ तळहातावर दोनदा हलकेच आपटायची. सगळी बुडं रांगेत येतात. नाकं एकाच उतारात दिसली पाहिजेत.

काडतूस कुठे जाऊन धडकतंय ते बघा. नाकावरचा ओरखडा बरंच सांगतो. नाक चेंबरच्या खाली धडकत असेल तर मॅगझिन नीट वर बसलेलं नाही, स्प्रिंग थकलीय किंवा काडतुसं वर ढकलणारी आतली पाटी मळाने अडलीय. नाक वर उडत असेल तर मॅगझिनचे ओठ पसरलेत आणि काडतूस वेळेआधी सुटतंय. एकाच बाजूला कलत असेल तर एक ओठ वाकलाय. मॅगझिन सिमेंटवर पडलं की हे होतं, आणि ते नेहमी ओठांवरच पडतं. पक्कड घेऊन ओठ वाकवायला मी सांगणार नाही. केसाइतका फरकसुद्धा चालत नाही. दुसरं मॅगझिन घ्या.

साफ करायला मॅगझिन खोलताना खाली ओलं फडकं अंथरा. स्प्रिंग उडते आणि अंगणात गेली की मिळत नाही. स्प्रिंगची दिशा आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा. जुन्या टूथब्रशला किंचित रॉकेल लावून आतून घासा, कोरडं पुसा, उन्हात नव्हे तर पंख्याखाली वाळवा. आत तेल घालू नका. तेलावर धूळ बसते आणि तेच तेल काडतुसावर चढतं.

मॅगझिन निर्दोष निघालं की चेंबर. पॉइंट टू-टूच्या शिशाच्या गोळीवर मेण किंवा चरबीसारखं वंगण असतं. ते, शिसं आणि जळकी काजळी मिळून पुंगळीच्या तोंडापुढे, म्हणजे चेंबरच्या मागच्या धारेपासून साधारण १६ मिलिमीटर आत, कडक कडं तयार होतं. त्याची ओळख अशी: काडतूस शेवटी जड जातं, पहिल्या खटक्याला पेटत नाही, दुसऱ्या खटक्याला पेटतं. पहिला मारा काडतूस आत ढकलण्यात खर्च होतो. उपाय सोपा आहे. बोल्ट काढा, मागच्या बाजूने पितळी ब्रश सॉल्व्हंटमध्ये बुडवून चेंबरमध्ये फिरवा, दहा मिनिटं थांबा, परत फिरवा, मग कोरडी चिंदी. गज नळीच्या तोंडाकडून घालू नका. तिथली कड घासली गेली की रायफलीचा नेम गेला. चिंदी आणि पुलथ्रू (नळीतून चिंदी ओढायची दोरी) हे आमचे एनसीसीचे शब्द आणि तीच सवय मी मुलांना लावलीय. नळी फार घासायची गरज नसते, चेंबर मात्र प्रत्येक सरावानंतर.

सामन्याच्या रायफलीत हाताने एकेक काडतूस भरतात, तिथे मॅगझिनचा प्रश्नच नाही. तिचा चेंबर मुद्दाम घट्ट असतो आणि गोळीचं नाक नळीतल्या आट्यांना टेकतं, म्हणून शेवटी अंगठ्याचा जोर लागणं तिथे स्वाभाविक आहे. असं न झाडलेलं काडतूस बाहेर ओढताना कधी गोळी नळीतच राहते आणि दारू आत सांडते. घाबरू नका, पण पुढचं काडतूसही भरू नका. आधी गजाने गोळी काढा आणि सांडलेली दारू साफ करून घ्या.

चेंबर साफ होऊनही अडतंय? तेव्हा खाच शोधा. कान साफ करायची कापसाची काडी घ्या आणि चेंबरच्या तोंडाभोवती आतून हलकेच फिरवा. जिथे कापसाचे तंतू ओढले जातील तिथे लोखंड वर आलंय. झाडलेली पुंगळी असेल तर तिच्या अंगावर, कडेला लागून, एकाच ठिकाणी चकचकीत ओरखडा दिसेल.

पुंगळी बाहेरच येत नसेल तर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे बोल्टवरच्या पुंगळी ओढणाऱ्या नखाखाली साचलेला मळ टोकदार बांबूने काढा. दहापैकी आठ वेळा तेवढ्याने काम होतं.

आपल्या किनाऱ्यावरची दोन दुखणी वेगळी सांगायला हवीत. पहिलं खोबरेल. आपल्याकडे बंदुकीला खोबरेल लावायची जुनी रीत आहे. सासऱ्यांच्या ठासणीच्या बंदुकीला ते चालत होतं. रायफलीच्या बोल्टला ते नको. खोबरेल २४-२५ अंशांच्या खाली थिजतं. जानेवारीच्या पहाटे बाटलीत गोठलेलं आपण रोज बघतो, तसंच ते बोल्टच्या आत पिनच्या स्प्रिंगभोवती थिजतं. पिन सुस्त पडते, मारा हलका पडतो, आणि माणूस काडतुसांना दोष देत बसतो. आत जुनं झालं की चिकटही होतं. शिलाई मशीनचं पातळ तेल दोन थेंब, तेही पुसून जवळजवळ कोरडं केलेलं, एवढं पुरे. झाडण्याआधी चेंबर आणि नळी कोरडी.

दुसरं खारा वारा. दुपारी समुद्रावरून तो सुटला की आमच्या रेंजवर हाताला चिकट लागतं. फोमच्या पेटीत रायफल बंद करून ठेवली की फोम ओल धरून बसतो आणि पंधरा दिवसांत मॅगझिनच्या स्प्रिंगवर तांबूस डाग दिसतात. पेटी फक्त प्रवासाला वापरा. घरी रायफल कुलपाच्या कपाटात उभी, बाजूला सिलिका जेलची पुडी, निळी गुलाबी झाली की भाजून परत निळी करायची. पावसाळ्यात मी दर रविवारी बाहेर काढून पुसते, झाडली नसली तरी. काडतुसं उन्हात उभ्या गाडीत ठेवू नका. गोळीवरचं मेण पातळ होतं, त्यावर वाळू चिकटते आणि ती वाळू थेट चेंबरमध्ये जाते. सरावानंतर हात साबणाने धुवायचे, मग खायचं. शिसं आहे.

आता त्या मुलीची रायफल. खाच दिसल्यावर ती म्हणाली, "कानशीने घासून टाकूया का?" तिला मी दोन कारणं सांगितली. घासलं की लोखंड जातं, आणि कडेचा टेकू कायमचा जातो. दुसरं, १९५९च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची दुरुस्ती करता येत नाही. साफसफाई आपली, मॅगझिन बदलणं आपलं, चेंबर आणि खटका परवानाधारक कारागिराचा. अशा कारागिराकडे चेंबर आयर्न नावाचं गुळगुळीत, कठीण पोलादाचं हत्यार असतं. ते चेंबरमध्ये दाबून आत आलेलं लोखंड परत जागेवर ढकलतात, धातू कमी करत नाहीत. रायफल नेताना परवाना बरोबर घ्यायचा, आणि झाडलेल्या पाच-सहा पुंगळ्याही न्यायच्या. ओरखडा कुठे पडतोय आणि पिन किती खोल जातेय हे कारागीर त्यावरून पटकन ओळखतो. आमच्या कारागिराने पुंगळ्या बघूनच सांगितलं की पिनचं टोकही बोथट झालंय, आणि तीही बदलली.

रायफल परत आली त्या दिवशी आम्ही आधी खोटी काडतुसं पाच-पाच करून चार वेळा बोल्टमधून फिरवली. मग एकेक जिवंत काडतूस हाताने भरून दहा गोळ्या, मग मॅगझिनमधून पन्नास, एक नंबरच्या मॅगझिनमधून पंचवीस आणि दोन नंबरच्या मॅगझिनमधून पंचवीस. प्रत्येक पुंगळीची कड तिने उजेडात धरून बघितली आणि वहीत लिहिलं. सदतिसाव्या गोळीला एकदा जड गेलं, मॅगझिन दोन. तिने ओठ बघितले, डावा किंचित वाकलेला होता. ते मॅगझिन बाजूला ठेवून तिने एक नंबरचं परत भरलं.